एक ताट जास्तीचं

बाथरूमच्या टबात परवापासून मासा आहे.
कार्प. दोन किलो तीनशे ग्रॅम,
पाऊण तास रांगेत उभी राहून आणलेला.
म्हणजे तीन दिवस अंघोळ नाही,
बेसिनवर वाकून मान तेवढी धुवायची
आणि दार लावून, टबाच्या काठावर बसून
पाण्याकडे नुसतं बघायचं, दहा मिनिटं.
घरात आतून कडी लागते अशी ही एकच खोली.

डॉक्टर म्हणाला, दानुताबाई,
वरचा आकडा एकशे सत्तर. ताण घेऊ नका.
कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला.
मी म्हटलं, घेत नाही हो, घरपोच येतो.
तो हसला नाही.
त्याच्याही घरी नाताळ असणार.

आमच्याकडे तार्नुफला, नाताळच्या आदल्या संध्याकाळी
बारा पदार्थ लागतात. अकरा चालत नाहीत.
बीटाचं सार, त्यात बाळाच्या कानाएवढे कानोले,
हेरिंग तेलातला, हेरिंग सायीतला,
कोबी वाटाणे घालून, कोबी अळंबी घालून,
खसखस तीनदा वाटून.
सासू म्हणते, दोनदा वाटलेली दातांना कळते.
दात तिचे पेल्यात असतात.

राडेकचं विमान डब्लिनला धुक्यात अडकलंय.
किंगाचा मेसेज: छोटीला आता गहू चालत नाही.
बहिणीचा फोन: आम्ही येऊ, पण तो येणार असेल तर नाही.
तो म्हणजे आमचा सख्खा भाऊ.

चोवीस तारखेला दुपारी नऊ पदार्थ झाले
आणि माझा डावा हात थरथरायला लागला.
मी गॅस बंद केला.
एवढंच केलं.
मळलेलं पीठ ओट्यावर राहिलं, ओल्या फडक्याखाली.

म्हणतात, त्या रात्री बाराच्या ठोक्याला
मुकी जनावरं बोलतात.
मला वाटलं, हा आत्ताच बोलेल.
तोंड उघडत होता, मिटत होता,
मीही तसंच केलं. उघडलं. मिटलं.
बऱ्याच वेळाने लक्षात आलं,
नर्सने कागदावर छापून दिलेला व्यायाम तो हाच.

पहिली चांदणी दिसली नाही, आभाळ भरलेलं.
छोटीने एक लुकलुकता दिवा दाखवला,
मामाचं विमान! आम्ही तोच धरला.
मग पांढऱ्या पापडीचा तुकडा मोडत
जो तो जवळ आला: आरोग्य लाभो, आरोग्य लाभो.
दर वर्षी मी हे उभ्याने ऐकते, हातात पळी.

टेबलावर चादरीखाली मूठभर गवत
आणि एक ताट जास्तीचं,
अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी.
चाळीस वर्षं मांडतेय. कुणी आलेलं नाही.

यंदा एप्रन काढून मी तिथे बसले.
खिडकीजवळची खुर्ची, हीटरची ऊब पोटऱ्यांना लागते.
हे मला माहीतच नव्हतं.
छोटीने विचारलं, आजी, तू कुठून आलीस?
म्हटलं, स्वयंपाकघरातून. लांब आहे.

सासूने ताटं मोजली. ओठ हलताना दिसले. नऊ.
आता वाजले माझे बारा, मी मनात म्हटलं.
ती म्हणाली, एक्क्याऐंशी साली दुकानं रिकामी होती,
मी पाच केले होते.
पाव, मीठ आणि पाणी धरून आठ.
हे तिने आजवर सांगितलं नव्हतं.
आणि सार आणायला तीच उठली,
भिंत धरत, धरत.

मासा मारायचा राहूनच गेला.
शेजारच्या झिएमोवितने बादलीतून नेला,
पुढे काय केलं ते मी विचारलं नाही.

रात्री दोन वाजता टब घासला, कढत पाणी सोडलं.
काठाला एक खवला चिकटलेला होता.
आमच्यात तो पाकिटात ठेवतात, पैसा टिकतो म्हणून.
मी गोळ्यांच्या डबीत ठेवला,
मंगळवारच्या कप्प्यात.

बाहेर बॅगेची चाकं वाजली, मग दार.
आई, मी आलो, राडेक!
आले रे, म्हटलं.
दहा मिनिटांत.